डबा दुसऱ्याचा, निगा सगळ्यांची

प्रश्न : गेल्या वर्षी काही महिने मी मुलाकडे, अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या बीव्हर्टनला होते. तिथे नातवासोबत जिओकॅशिंग नावाचा खेळ खेळले. फोनवर ठिकाण दिसतं, तिथे जाऊन लपवलेला डबा शोधायचा, आतल्या कागदावर आपलं नाव लिहायचं आणि डबा परत ठेवून द्यायचा. झाडीतल्या एका डब्यात छोटी खेळणी होती. नातवाने त्यातली एक गाडी घेतली आणि कोल्हापुरी चपलेचं कीचेन ठेवलं. मी शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट ठेवायला गेले तर मुलाने हातच धरला. आतला कागद भिजून पार लगदा झाला होता. या डब्यांची काळजी घेतं कोण? आम्ही तो कागद बदलायला हवा होता का? दुसऱ्या एका डब्यातून नातवाने क्रमांक कोरलेली धातूची चकती घेतली होती, ती माझ्या पर्समधून डोंबिवलीला आली आहे. आणि शेवटचं : पुढच्या वेळी जाईन तेव्हा तिथे आपल्या हाताने एक डबा लपवावा, नाहीतर इथेच सिंहगडावर ठेवावा, असं फार मनात आहे. चालेल का?
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : आधी चकतीचं बघू. ती कोणाच्या तरी मालकीची आहे आणि आपली चकती कुठे अडकली म्हणून तो माणूस काळजीत असेल. तिला ट्रॅव्हल बग म्हणतात. सैनिकांच्या गळ्यात ओळखीची पट्टी असते तशीच ही दिसते. एखाद्या छोट्या खेळण्याला बांधून मालक तिला प्रवासाला सोडतो. डब्यातली खेळणी अदलाबदलीसाठी असतात, बग मात्र पुढच्या डब्यात पोहोचवण्यासाठीच उचलायचा असतो, तोही साधारण दोन आठवड्यांच्या आत. बदल्यात काही ठेवावं लागत नाही. अमुक देशात पोहोचायचं, तमुक समुद्र पाहायचा असा बेतही मालकाने बऱ्याचदा लिहून ठेवलेला असतो.

तेव्हा मुलाच्या जिओकॅशिंगच्या खात्यातून चकतीवरचा क्रमांक भरा, मालकाचा बेत वाचा आणि चकती भारतात सुखरूप आहे हे त्याला कळवा. ओरेगन ते डोंबिवली म्हणजे १२,००० किलोमीटरहून जास्त प्रवास झाला, मालक बहुधा खूशच होईल. मुंबई-पुण्याकडेही जिओकॅशचे डबे आहेत. त्यातला चकती मावेल एवढा मोठा आणि हल्लीच कोणाला तरी सापडलेला डबा निवडा. तसा मिळाला नाही तर पुढच्या खेपेला चकती परत घेऊन जा. तिचा फोटो काढलात तर क्रमांक मात्र झाका. चकती खरोखर हातात आल्याचा तो एकच पुरावा असतो. तो फुटला की चकती कधी न पाहिलेले लोकही नोंदी करत सुटतात.

चिक्कीच्या बाबतीत मुलाचं बरोबर होतं, पण तुमच्या मनात आलं तेच या खेळाच्या जनकाच्याही मनात आलं होतं. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकी सरकार सामान्य लोकांसाठीचा जीपीएस संदेश मुद्दाम बिघडवून सोडत असे, त्यामुळे ठिकाण शंभरेक मीटरने चुकू शकायचं. १ मेच्या रात्री हा अडथळा काढला गेला. ३ मे रोजी या खेळाचे जनक डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमध्येच, बीव्हरक्रीक या गावाजवळ, एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट जमिनीत पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती शोधली, पहिले माइक टीग. तुमच्या मुलाच्या घरापासून ती जागा मोटारीने फार लांब नाही आणि आज तिथे स्मृतिफलक आहे. नातवाला जरूर दाखवा. त्या बादलीत पुस्तकं, व्हिडिओ, पैसे, गलोल यांच्याबरोबर खाण्याचे पदार्थ आणि घेवड्याचा एक बंद डबाही होता. आजच्या नियमांत ती बादली दोनदा नापास होईल : डब्यात अन्न चालत नाही आणि डबा ठेवायला जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय जमीन खणता येत नाही.

अन्नावरची बंदी प्राण्यांमुळे आली. उंदीर, खारी, रॅकून यांचं नाक इतकं तिखट असतं की बंद पाकिटातला वासही त्यांना लागतो, आणि प्लॅस्टिक कुरतडायला त्यांना वेळ लागत नाही. कुरतडलेल्या डब्यात पाणी शिरतं, मुंग्या शिरतात, आणि त्या प्राण्यालाही माणसाच्या खाऊची चटक लागते. वासाचा साबण, मेणबत्ती, उदबत्तीचा पुडाही याच कारणासाठी नको. कीचेन मात्र उत्तम निवड होती. घेतल्यापेक्षा कमी मोलाचं ठेवू नये असा संकेत आहे. तो पाळला नाही की चांगली खेळणी हळूहळू संपतात आणि डब्यात तुटके खडू, दुकानांच्या पावत्या, गंजलेले स्क्रू एवढंच उरतं. पुढच्या मुलाने मोठ्या आशेने झाकण उघडलेलं असतं, त्याचा हिरमोड होतो.

आता ओल्या कागदाकडे वळतो. तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न हाच.

पश्चिम ओरेगनचा पाऊस आपल्यासारखा धो धो कोसळून मोकळा होत नाही. हिवाळाभर बारीक रिपरिप चालते आणि झाडीतली ओल आठवडेच्या आठवडे हटत नाही. अशा हवेत डबा फुटून भिजतो असं सहसा घडत नाही, तो भिजतो बंद करताना. चारी बाजूंनी कड्या लागणारा जेवणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. झाकणाच्या आत रबराची बारीक वादी असते. तिच्यावर वाळूचा कण किंवा देवदारासारख्या झाडाचं सुईसारखं पान राहिलं तरी कड्या टक् करून लागतात, आपल्याला वाटतं बंद झाला, आणि त्या फटीतून ओल आत जायला लागते. त्याहून जास्त घात करतो तो पिशवीचा कोपरा. कागद झिपच्या पिशवीत असतो, घाईत पिशवीचं टोक झाकणात चिमटतं, आणि त्या सुरकुतीवाटे पाणी थेंबाथेंबाने आत उतरतं. म्हणून डबा बंद करण्यापूर्वी वादीवरून बोट फिरवायचं, पिशवीतली हवा दाबून काढून झिप लावायची, पिशवी घडी घालून मधोमध ठेवायची आणि झाकण लावल्यावर चारी बाजूंनी पाहायचं. एवढ्याला अर्ध मिनिटही लागत नाही. पावसात डबा उघडावाच लागला तर छत्रीखाली किंवा अंगाच्या आडोशाने उघडावा.

नोंद पेन्सिलने केलेली बरी, ओल लागली की शाई पसरते. करंगळीच्या पेराएवढी डबी असेल तर तिच्यात कागदाची सुरळी असते, ती घट्ट गुंडाळूनच परत जाते. सैल सुरळी कोंबली की पुढच्याला ती फाडूनच काढावी लागते.

मग तुम्ही कागद बदलायला हवा होता का? जवळ कोरा कागद असता तर एक चिठ्ठी छोट्या पिशवीत घालून ठेवली असती तरी ती मोठी मदत झाली असती. डबा रुमालाने पुसला असता तर आणखी उत्तम. जुना लगदा मात्र फेकायचा नाही. आपल्याला तो कचरा वाटतो, पण त्यात वर्षानुवर्षांच्या पाहुण्यांची नावं असतात आणि त्यांचं काय करायचं ते डब्याच्या मालकाने ठरवायचं असतं. याहून मोठं काम घरी आल्यावरचं. ऑनलाइन नोंदीत ‘मजा आली’ एवढ्यावर न थांबता ‘कागद ओला आहे, झाकणाची एक कडी तुटली आहे’ असं स्पष्ट लिहावं. त्यासाठी मालकाचं लक्ष वेधणारी वेगळी सोयही असते. पाहुण्यांनी काही कळवलं नाही तर मालकाला घरबसल्या काहीच समजत नाही.

काळजी घेण्याची जबाबदारी अर्थातच त्या मालकाची, म्हणजे ज्याने डबा लपवला त्याची. या डब्यांची नोंदणी सिएटलमधल्या एका कंपनीकडे असते. नवा डबा जाहीर होण्याआधी स्वयंसेवक परीक्षक तो तपासतात : जागेची परवानगी आहे का, दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर आहे का, वगैरे. पुढे तक्रारी येत राहिल्या आणि मालक साधारण महिनाभर हललाच नाही, तर परीक्षक तो डबा यादीतून काढून टाकतात. यादीतून गेलेला डबा जागेवरून आपोआप जात नाही. तो तिथेच पडून राहिला की रानातला कचरा होतो, म्हणून तो उचलून आणणं हेही मालकाचंच काम. २००२ पासून या खेळातली मंडळी एकत्र जमून परिसराची सफाई करतात. एरवीही वाटेत दिसलेला कचरा पिशवीत भरून आणणारे पुष्कळ आहेत, आणि मला या खेळात सर्वांत आवडतं ते हेच.

डबा सापडला नाही तर तसंही नोंदवावं. लोकांना त्याचा संकोच वाटतो, आणि तो अनाठायी आहे. एरवी सहज सापडणारा डबा लागोपाठ तिघाचौघांना मिळाला नाही, तर तो हरवला असणार हे मालकाला त्या नोंदींवरूनच कळतं. काही उत्साही लोक मात्र डबा मिळाला नाही की खिशातली एखादी डबी तिथे ठेवून देतात आणि ‘सापडला’ असं लिहून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. पुष्कळदा मूळ डबा हातभर अंतरावर असतोच. मग एका जागी दोन डबे होतात, आणि दुसऱ्याची निगा राखायला कोणीच नसतं.

परत ठेवतानाही डबा जसा आणि जिथे होता तसाच ठेवायचा. अधिक चांगला लपवण्याच्या भरात लोक तो चार पावलं सरकवतात, दहाव्या माणसापर्यंत तो जागाच सोडून गेलेला असतो. वर दगड होता तर तोच दगड, त्याच बाजूने. खेळाची माहिती नसलेल्या माणसांसमोर डबा काढू नये, ती निघून जाईपर्यंत थांबावं. आणि शोधताना पायवाट शक्यतो सोडू नये. प्रत्येकाने झुडपांतून वेगळी वाट काढली की वर्षभरात तिथली जमीन तुडवून उघडी पडते. ओरेगनमध्ये तर पायवाट सोडण्यात स्वतःलाच धोका आहे : पॉयझन ओक नावाची तीन-तीन पानांची वनस्पती तिथे जागोजागी असते आणि तिचा स्पर्श झाला की अंगावर खाजरे फोड उठतात. नातवाला ती आधी ओळखायला शिकवा.

आता तुमच्या मनातला डबा. तुम्ही पाहुण्या म्हणून जाणार आणि परत येणार. अशा प्रवाशांचे डबे परीक्षक स्वीकारत नाहीत. कारण उघड आहे : जानेवारीत कागद भिजल्याचा निरोप आला तर डोंबिवलीहून तुम्ही कशा जाणार? मुलगा तिथेच राहतो, तेव्हा डबा त्याच्या नावाने नोंदवता येईल. पण पावसाळी हिवाळ्यात अधूनमधून जाऊन तो पाहायची त्याची तयारी आहे का, हे आधी विचारा. तो हो म्हणाला तर जागा, डबा, आतली कोल्हापुरी कीचेनं सगळं तुम्ही ठरवा. डब्यावर बाहेरून हा खेळाचा डबा आहे असं ठळक लिहा. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदरबी गावात असाच एक डबा बाँब समजला गेला, लष्कराच्या पथकाला बोलावून तो उडवावा लागला. मुंबईच्या लोकलने फिरणाऱ्या तुम्हाला बेवारस वस्तूची भीती वेगळी सांगायला नको. त्यामुळे इथे स्टेशन, देऊळ, बाजार यांच्या जवळपास डबा ठेवायचा विचारही करू नये.

सिंहगडाला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. आपल्या गडांवर डबा ठेवायला जागा म्हणजे तटाची सांद, बुरुजाची जंगी, टाक्याच्या काठचे दगड. तुम्ही कितीही जपून ठेवलात तरी शोधणारा प्रत्येक जण दोन-चार दगड हलवून बघणारच. बिनचुन्याच्या रचलेल्या तटाला तेवढंही पुष्कळ होतं. रायगड, शिवनेरी, लोहगड यांसारख्या केंद्राने संरक्षित केलेल्या गडांवर तर वास्तूशी छेडछाड हा १९५८च्या कायद्याने गुन्हा आहे.

पण डब्याशिवायही हा खेळ आहे. अमेरिकेच्या भूविज्ञान संस्थेच्या साहाय्याने २००४ पासून अर्थकॅश नावाचा प्रकार चालतो. त्यात काहीच लपवायचं नसतं. लोकांना एखाद्या भूवैज्ञानिक जागी बोलवायचं, तिथे डोळ्यांनी पाहूनच देता येतील असे दोन-तीन प्रश्न विचारायचे, आणि त्यांनी उत्तरं तुम्हाला पाठवायची. ओला होणारा कागद नाही, कुरतडला जाणारा डबा नाही, आणि आलेली उत्तरं तपासायला डोंबिवलीतलं घर पुरतं. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहा : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दोनशे फुटी काळा कातळ, उभ्या खांबांसारखा, भर वस्तीत. किंवा निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, गोट्यांनी घुसळून घुसळून कोरलेले. ‘खांबाला बाजू किती?’, ‘खळग्याच्या तळाशी काय दिसतं?’ असे प्रश्न नातूसुद्धा तयार करील. जागा आधीच कोणी घेतली आहे का ते नकाशावर पाहा, तिथे स्वतः जाऊन या, जागेची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांना गरज असेल तिथे आधी विचारा, आणि मगच अर्ज भरा.