थोडे आणि थोडेच

"मावशी, हा मेल एकदा बघ ना. मुलाखतीआधी त्यांना दोन-तीन गोष्टी विचारायच्यात."

"पहिलंच वाक्य, 'आय हॅव फ्यू क्वेश्चन्स.' काय म्हणायचंय तुला?"

"माझे थोडे प्रश्न आहेत."

"वाचणाऱ्याला कळेल, 'हिला फारसे प्रश्नच नाहीत.' 'अ फ्यू' म्हणजे थोडे आहेत. नुसतं 'फ्यू' म्हणजे थोडेच, जवळजवळ नाहीतच."

"एका 'अ'ने एवढा फरक?"

"आपल्याकडे 'च'ने पडतो तेवढाच. 'सभेला थोडे लोक आले' आणि 'थोडेच लोक आले', दोन्हीकडे माणसं वीसच असतील, पण दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याला ती कमी वाटली. इंग्रजीत हे 'अ' गाळल्यानं कळतं. 'लिटल'चंही तेच. 'अ लिटल मिल्क' असेल तर चहा होईल. नुसतं 'लिटल मिल्क' असेल तर पिशवी आणावी लागेल."

"पण 'फ्यू' कुठे आणि 'लिटल' कुठे?"

"मोजायच्या नामांना फ्यू आणि मेनी, बाकीच्यांना लिटल आणि मच. 'अ लॉट ऑफ' दोन्हीकडे चालतं."

"मग 'मच मनी' कसं? पैसे तर आपण मोजतोच."

"मोजतेस ते रुपये. म्हणून 'मेनी रुपीज', पण 'मच मनी'. वस्तू मोजता येते का हे बघू नकोस, त्या भाषेनं तो शब्द मोजायचा ठरवलाय का ते बघ. मराठीत साखर संपली, पण पोहे संपले. भात झाला, पण तांदूळ निवडले. दाणे साखरेलाही आहेतच की! तुला कधी अडखळायला झालं?"

"नाही. कधी लक्षातही आलं नाही."

"इंग्रज मुलालाही 'राइस' एकवचनी म्हणताना काही वाटत नाही. आपण अडतो ते दोन भाषांनी वेगळी वाटणी केलीय तिथे. आपले केस गळतात, म्हणून 'माय हेअर्स आर फॉलिंग' तोंडात येतं. त्यांच्या लेखी डोक्यावरचे सगळे मिळून एक 'हेअर'. दोन पांढरे केस सुटे दाखवायचे असतील तर मात्र 'टू ग्रे हेअर्स' बरोबर. बातम्या अनेक, तरी 'न्यूज इज'. सल्ले अनेक, तरी 'अ‍ॅडव्हाइस', आणि एकच सांगायचा तर 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस'. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन याच पंगतीतले."

"ही वाटणी कायमची?"

"छे! वाटाण्याला इंग्रजीत पूर्वी 'पीझ' म्हणत, तेही एकवचनी. शेवटचा 'झ' लोकांना अनेकवचनाचा वाटला. १७व्या शतकात तो काढून 'पी' असा नवाच शब्द तयार झाला. मला ही गोष्ट फार आवडते. बोलणाऱ्यांच्या कानांनी शब्द घडवला!"

"आणि 'लेस' की 'फ्युअर'? आमच्या पुस्तकात मोजता येईल तिथे 'फ्युअर'च, असं ठासून दिलंय."

"९व्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या लेखनातही मोजायच्या शब्दाबरोबर 'लेस' सापडतं. १७७० साली इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकरनं तिथे 'फ्युअर' जास्त बरं वाटतं असं लिहिलं. ती त्याची पसंती होती, पुढे तिचाच नियम झाला. २००८ साली ब्रिटनमधल्या टेस्को दुकानांनी 'टेन आयटम्स ऑर लेस' ही पाटी बदलून 'अप टू टेन आयटम्स' करायचं ठरवलं, इतका तो वाद तापला होता."

"मग मी काय लिहू?"

"अर्जात आणि परीक्षेत 'फ्युअर मिस्टेक्स' लिही. पण 'लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स' तसंच ठेव. तिथे पाच सुटे किलोमीटर नसतात, एक अंतर असतं. वेळ आणि रक्कम यांनाही हेच लागू."

"शेवटच्या ओळीत मी 'एनी अदर इन्फर्मेशन्स' लिहिलंय."

"बघितलं. तो 'स' खोड, वरचा 'अ' घाल, आणि पाठव."