कोळशाच्या गावातला खोकला

घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, वणी ही वर्धा खोऱ्यातली गावे कोळशावर वाढली. अशा गावांत खोकल्याला कोणी आजार समजत नाही. "खदानीतला माणूस खोकलणारच," असे म्हणत लोक पाच-पाच वर्षे काढतात आणि जिना चढताना धाप लागू लागली की मग दवाखान्याची पायरी चढतात.

पाळी सुटल्यावर रुमाल काळा होतो, बेडका काळा पडतो. त्याची लोकांना भीती वाटते. पण ती जाड धूळ नाक-घशात अडकून बाहेर पडलेली असते. खरा त्रास डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीचा. पाच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून लहान कण फुफ्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि तिथेच साचतात. त्यांच्याभोवती गाठी धरतात. याला न्यूमोकोनिओसिस म्हणतात. बहुधा दहा-पंधरा वर्षांच्या कामानंतर तो दिसतो, तोही आधी फक्त छातीच्या फोटोत. तो बरा करणारे औषध नाही. नोकरी सुटल्यावरही तो वाढू शकतो, हे निवृत्त मंडळींनी विशेष ध्यानात ठेवावे. त्यात बिडी असेल तर दम आणखी लवकर तुटतो.

गुळाचा खडा खाल्ला की धूळ निघून जाते, हा समज सर्वत्र आहे. वाचकहो, गूळ पोटात जातो आणि धूळ असते फुफ्फुसात. गोड लागतो म्हणून जरूर खा.

दगडात ड्रिल मारणाऱ्यांचे प्रकरण अधिक वाईट. दगडातल्या सिलिकाने सिलिकोसिस होतो आणि अशा फुफ्फुसात क्षयरोग सहज घर करतो. घोटाळा होतो तो इथेच. दोन्ही आजारांचे डाग फोटोत सारखे दिसू शकतात. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त ड्रिलरला बाहेरगावी दोनदा टी.बी.ची औषधे दिली गेली होती; बेडका एकदाही तपासला नव्हता. उलट खरा टी.बी. "धुळीचा खोकला" म्हणून अंगावर काढणारेही आहेत, आणि तो घरातल्या पोरांना लागतो. म्हणून दोन आठवड्यांवर खोकला, ताप, वजन घटणे किंवा बेडक्यात रक्त दिसले तर बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

डॉक्टरांना नुसते "खदानीत होतो" सांगू नका. भूमिगत की खुली खाण, ड्रिलिंग की लोडिंग, किती वर्षे, हे सगळे सांगा. आणि छातीचे जुने फोटो जपून ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याला विकले जातात! पुढे आजार वाढला की नाही हे त्यांच्यावरूनच कळते आणि नुकसानभरपाई मागताना तोच पुरावा असतो. खाण कामगाराची तपासणी पाच वर्षांत एकदा तरी व्हावी, असे 1955 च्या खाण नियमांनी ठरवले. कायम कामगार कुरकुरत का होईना, तपासणीला जातो. ठेकेदाराच्या मजुराला मात्र ठेकेदार बदलला की कागदच उरत नाही. अशांनी प्रत्येक कागदाची नक्कल स्वतःजवळ ठेवावी.

आता घरातल्या बायकांविषयी, कारण त्यांना तपासणी कोणीच देत नाही. नवऱ्याचे कामाचे कपडे त्या घरात झटकतात. ते बाहेर नेऊन पाण्यात बुडवावेत. फरशीही झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. वेचून आणलेल्या कोळशावर सिगडी पेटते, तिचा धूर वर्षानुवर्षे बाईच्याच छातीत जातो. सिगडी अंगणात पेटवा, मूल कडेवर घेऊन तिच्यापाशी बसू नका. आणि थंडीत निखाऱ्यांची सिगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नका. धूर दिसत नसला तरी तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. सकाळी डोके दुखून मळमळत असेल, घरातल्या सगळ्यांनाच तसे होत असेल, तर आधी दारे-खिडक्या उघडून सर्वांना बाहेर काढा आणि लगेच दवाखाना गाठा.