इओसिनोफिल आणि तोंडाचा कर्करोग



रक्त तपासल्यावर जो कागद हाती येतो, त्यावर ‘इओसिनोफिल’ असा एक शब्द असतो. हा आकडा वाढलेला दिसला की घरात घबराट होते, ‘हा कॅन्सर तर नव्हे?’ उलट आकडा बरोबर असला की ‘रक्त चांगले आहे’ म्हणून तोंडातील जुनी जखम अंगावर काढली जाते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. दुसरी तर जिवावर बेतणारी आहे. म्हणून आजचा हा पाठ.

१. इओसिनोफिल म्हणजे काय?

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराची राखण करतात. त्यांचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी एका प्रकारच्या पेशींत बारीक दाणे असतात आणि ते इओसिन नावाच्या रंगाने तांबडे होतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७९ साली या पेशी ओळखल्या. निरोगी माणसाच्या शंभर पांढऱ्या पेशींत त्या साधारण १ ते ६ असतात.

पोटात जंत झाले, दमा असला, अंगावर पित्त उठले किंवा एखादे औषध सोसले नाही, तर त्या वाढतात. अनवाणी शेतात राबणाऱ्याला पायाच्या कातडीतून अंकुशकृमी लागतात, तेव्हाही आकडा चढतो. म्हणून आकडा वाढला की आधी ही कारणे पाहावीत. इओसिनोफिलमुळे तोंडाचा कर्करोग होत नाही.

२. मग कर्करोगाशी त्यांचा संबंध काय?

तोंड, जीभ, घसा व स्वरयंत्र यांचे बहुतेक कर्करोग आतील अस्तराच्या पेशींत सुरू होतात. अशा गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पुष्कळदा तिच्याभोवती इओसिनोफिल जमलेले दिसतात. त्यांच्या दाण्यांतील विषारी द्रव्ये कर्करोगाच्या पेशी मारू शकतात. पण याच पेशी अशीही द्रव्ये सोडतात की ज्यांनी नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि गाठीला पोषण मिळते.

शेतात पाखरांचा थवा उतरला, तर तो अळ्या वेचतो की कणसे टिपतो, हे बांधावरून कळत नाही. तसेच हे आहे. काही अभ्यासांत इओसिनोफिल जास्त असलेले रोगी अधिक काळ जगले. काहींत उलट आढळले. म्हणून केवळ या पेशी मोजून डॉक्टर उपचार ठरवीत नाहीत. गाठ किती मोठी आहे, मानेत पसरली आहे की नाही, हे आधी पाहतात.

३. खरी तपासणी कोणती?

तोंडाच्या कर्करोगाचे निदान साध्या रक्ततपासणीने होत नाही. जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासावा लागतो. यालाच बायॉप्सी म्हणतात. ‘हत्यार लागले की कॅन्सर पसरतो’ या भीतीने कित्येक जण उशीर करतात. ही भीती व्यर्थ आहे. उशिरानेच रोग पसरतो.

४. मूळ कोठे आहे?

निपाणी भागातील तंबाखूचे पीक आपल्या परिचयाचे आहे. पण शेतात पिकते म्हणून ती गालात ठेवण्याची वस्तू नव्हे. तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा, मावा, विडी ही सारी या रोगाची बियाणी आहेत. तंबाखूला दारूची जोड मिळाली की धोका कित्येक पटींनी वाढतो. नुसती सुपारीही कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नमूद केले आहे.

५. घरी काय पाहावे?

महिन्यातून एकदा चूळ भरून, उजेडात आरशापुढे तोंड उघडावे. गाल, जीभ, जिभेखालची बाजू आणि हिरड्या पाहाव्यात. पुढीलपैकी काही आढळल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे:

- पंधरा दिवसांत न भरणारी जखम
- पांढरा किंवा लाल चट्टा
- तोंड पूर्वीसारखे न उघडणे
- मानेत गाठ
- तीन आठवडे बसलेला आवाज, गिळताना त्रास

दुखत नाही म्हणून थांबू नये. हा रोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने पुष्कळ रोगी पूर्ण बरे होतात.

तण कोवळे असते तेव्हा खुरप्याने निघते. बी धरल्यावर सारे रान खाते. रक्ताच्या कागदावर विसंबू नका. आज संध्याकाळी घरातील वडीलधाऱ्यांना तोंड उघडून दाखवायला सांगा.