इंधनाचा प्रश्न आणि दिल्लीचा अनुभव

प्रस्तावना

पेट्रोल आणि डिझेल यांचे भाव वाढले, ही बातमी केवळ वाहनमालकांपुरती नसते. नाशिकचा कांदा ट्रकमधून शहरात येतो, कित्येक शेतांतील पंप डिझेलवर चालतात, कामगार बसने कारखान्यात जातो. म्हणूनच ज्याच्या दारात सायकलही नाही, त्याच्या चुलीपर्यंत या भाववाढीची झळ पोहोचते. यावर उपाय कोणता? इंधन बदलावे की प्रवासाची रीत बदलावी? राजधानी दिल्लीने हे दोन्ही मार्ग अवलंबिले. त्या अनुभवाचा परिचय आपण या पाठात करून घेऊ या.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• इंधनाचे भाव का वाढतात, याची कारणे सांगू शकाल;
• दिल्लीतील सीएनजी व मेट्रो यांची माहिती देऊ शकाल;
• सार्वजनिक वाहतुकीचे महत्त्व स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

भाव का वाढतात?

भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते. त्यामुळे दूर कोठे युद्ध पेटले, तरी त्याचे चटके आपल्याला बसतात. १९७३ साली अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. जुलै २००८ मध्ये एका पिंपाचा भाव १४७ डॉलरपर्यंत चढला. रुपया घसरला, की हेच तेल आणखी महाग पडते. त्यावर केंद्राचे व राज्यांचे कर लागतात. जुलै २०२१ मध्ये दिल्लीत पेट्रोलने लिटरमागे शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला.

इंधन बदलले

दिल्लीतील इंधनबदलाचे मूळ मात्र भाववाढीत नव्हते. ते दूषित हवेत होते. डिझेलच्या धुरातील काजळीचे सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. त्या प्रकरणात २८ जुलै १९९८ रोजी न्यायालयाने आदेश दिला, की राजधानीतील सर्व शहर बस ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर चालवाव्यात. सीएनजी म्हणजे प्रचंड दाबाखाली टाकीत भरलेला नैसर्गिक वायू. तो जळताना काजळी फारच कमी निघते.

आदेश अमलात आणणे सोपे नव्हते. वायू भरण्याची केंद्रे अपुरी होती. रिक्षाचालकांना तासन् तास रांगेत उभे राहावे लागे आणि तेवढी कमाई बुडे. बस कमी पडल्याने प्रवाशांचे हाल झाले. शेवटी मुदत वाढवावी लागली. एप्रिल २००२ मध्ये न्यायालयाने डिझेल बसवर दररोजचा दंड बसविला. २००२ साल संपताना शहर बससेवेतून डिझेल हद्दपार झाले होते. हवा स्वच्छ व्हावी ही सर्वांचीच गरज होती. परंतु तिची किंमत प्रथम चुकविली ती रोजच्या कमाईवर जगणाऱ्यांनी, हे विसरून चालणार नाही.

प्रवासाची रीत बदलली

त्याच वर्षी, २४ डिसेंबर २००२ रोजी, शाहदरा ते तीस हजारी या मार्गावर दिल्ली मेट्रोचे उद्घाटन झाले. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही विजेवरील रेल्वे २००९ मध्ये नोएडाला व २०१० मध्ये गुडगावला पोहोचली. ब्रेक लावताना तिच्या गतीपासून वीज तयार होते आणि ती दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडते. २०१९ पासून मध्य प्रदेशातील रीवा येथील सौर प्रकल्पाची वीजही मेट्रोला मिळू लागली.

आता एक साधा हिशेब करू. चाळीस माणसांना पंधरा किलोमीटर जायचे आहे, असे समजा. प्रत्येकाने स्वतंत्र मोटार नेली आणि मोटार लिटरला पंधरा किलोमीटर धावली, तर चाळीस लिटर पेट्रोल जळेल. तीच माणसे एका बसमध्ये बसली आणि बस एका किलो सीएनजीत तीन किलोमीटर गेली, तर केवळ पाच किलो वायू लागेल. खरी बचत इंधनाच्या प्रकारापेक्षा एकत्र प्रवास करण्यात आहे.

दिल्लीचा धडा

बस सीएनजीवर आल्या, तरी खासगी वाहने वाढतच गेली. त्यांचा धूर, बांधकामांची धूळ आणि भोवतालच्या राज्यांत जाळले जाणारे पिकांचे अवशेष यांमुळे हिवाळ्यात दिल्लीचा श्वास आजही कोंडतो. शिवाय सीएनजी हेही भूगर्भातील इंधनच आहे. तेही अंशतः आयात होते आणि महाग होते. मेट्रो घरापर्यंत येत नाही. तिचे भाडे २०१७ मध्ये दोनदा वाढले, तेव्हा अल्प उत्पन्नाच्या प्रवाशांवर त्याचा भार पडला. म्हणून स्वच्छ इंधन, परवडणारे भाडे आणि वेळेवर येणारी बस या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच वाहतुकीचा प्रश्न सुटू शकेल.

शब्दार्थ

झळ – त्रास, नुकसान
याचिका – न्यायालयाकडे केलेला लेखी अर्ज
हद्दपार होणे – बाहेर घालविले जाणे
अवशेष – शिल्लक राहिलेला भाग

पाठगत प्रश्न

१. इंधनाचे भाव वाढण्याची दोन कारणे लिहा.
२. सीएनजी म्हणजे काय?
३. इंधनबदलाचा त्रास रिक्षाचालकांना कसा झाला?

स्वाध्याय

१. ‘खरी बचत एकत्र प्रवास करण्यात आहे’ हे विधान पाठातील हिशेबाच्या आधारे स्पष्ट करा.
२. तुम्ही कामावर किंवा बाजारात कोणत्या वाहनाने जाता? महिन्याचा खर्च मांडा आणि तो कमी करण्याचे उपाय सुचवा.
३. तुमच्या वस्तीत बस सुरू करावी, अशी विनंती करणारे पत्र परिवहन अधिकाऱ्यांना लिहा.