सहीमागचे ज्ञान : सल्लागार अभियंत्याचा व्यवसाय आणि आपली मुले

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील टोकावडे व त्याच्या आसपासची गावे, आणि शेजारचा शहापूर तालुका, यांच्याइतका दीर्घ संबंध मोठ्या बांधकामांशी ज्याचा आला असा ग्रामीण प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण, महापालिकेचे अभियंते मोडक यांचे नाव ज्याला दिले गेले ते १९५७ सालचे वैतरणेवरील मोडक सागर, त्यानंतरचे भातसा, आणि अगदी अलीकडे, ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झालेला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा अखेरचा टप्पा, ही सारी कामे याच डोंगरांत झाली. तरीही येथील पालकांशी मुलांच्या भवितव्याविषयी बोलू लागले की, ह्या कामांवरील दोनच माणसे त्यांच्या परिचयाची असल्याचे दिसते: एक सरकारी साहेब आणि दुसरा ठेकेदार. या दोघांच्या मध्ये जो तिसरा उभा असतो, ज्याच्या शब्दावर साहेब मंजुरी देतो आणि ज्याच्या सहीवाचून ठेकेदाराचे देयक निघत नाही, तो सल्लागार अभियंता त्यांच्या नजरेआड राहतो. आणि मुलाला वा मुलीला ‘सिव्हिल’ला घालावे की नाही, याचा विचार त्या तिसऱ्या माणसावाचूनच केला जातो.

सल्लागार अभियंता सिमेंट विकत नाही, खडी पुरवीत नाही, मजूर लावीत नाही. एखादा पूल बांधणे शक्य व इष्ट आहे काय याची पाहणी, जमिनीची मोजणी आणि मातीची परीक्षा, आराखडा, अंदाजपत्रक, निविदेचे दस्तऐवज, काम चालू असताना त्यावरील देखरेख, झालेल्या कामाचे मोजमाप, आणि पुष्कळ वर्षांनी त्याच पुलाची संरचनात्मक तपासणी, अशी त्याच्या कामाची व्याप्ती असून, या सर्वांबद्दल त्याला मेहनताना मिळतो तो केवळ त्याच्या अभिप्रायाचा. कर्जाच्या कागदावर सही करणारा जामीन जसा स्वतः पैसे घेत नाही, पण ज्याच्या भरवशावर पैसे दिले जातात तो तोच असतो, तसेच काहीसे त्याचे स्थान आहे.

ही सही किती जड असते, हे १४ मार्च २०१९ च्या सायंकाळी मुंबईत दिसून आले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील हिमालय पादचारी पूल कोसळून ७ माणसे मृत्यू पावली; आणि थोड्याच काळापूर्वी शहरातील पुलांची जी तपासणी महापालिकेने खासगी सल्लागारांकडून करवून घेतली होती, तीत या पुलास किरकोळ दुरुस्तीच तेवढी सुचविली गेली होती, असे उघडकीस आले. तपासणी करणाऱ्या अभियंत्यास अटक झाली. अशा प्रसंगी लोक विचारतात की, त्या माणसास समजले नाही, की समजूनही त्याने लिहिले नाही? या प्रश्नात ज्ञान आणि सचोटी ह्या दोन निरनिराळ्या वस्तू मानल्या आहेत. माझे मत असे की, या व्यवसायात त्यांची फारकत करताच येत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. काँक्रीट ओतताना त्याचे १५० मिलिमीटर बाजूचे घन साच्यात भरून ठेवतात, आणि पाण्यात मुरवून २८ दिवसांनी ते यंत्राखाली दाबून फोडतात; ‘एम २५’ प्रतीच्या काँक्रीटने दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन भार सोसावा, अशी अपेक्षा असते. आता खडी, वाळू, पाणी, हवामान व गवंड्याचा हात यांत रोज थोडाफार फरक पडणारच, म्हणून खऱ्या चाचण्यांचे आकडेही थोडे पुढेमागे झाल्यावाचून राहत नाहीत. एखाद्या नोंदवहीत महिनाभर जवळजवळ एकच आकडा पुन्हा पुन्हा आढळला, तर जाणता अभियंता तेथेच थबकतो आणि प्रयोगशाळेत जाऊन उभा राहतो. ज्याला हे शिकविलेच गेले नाही, तो मनाने कितीही निर्मळ असला तरी त्या वहीखाली सही करील, आणि दुसऱ्याच्या लबाडीचा साक्षीदार होऊन बसेल. येथे त्याच्या चांगुलपणाचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून ‘मुलगा सरळ आहे, त्याला कोणी फसविणार नाही’ असे जेव्हा एखादे वडील समाधानाने सांगतात, तेव्हा मला काळजी वाटते. सरळपणाला विषयाच्या पक्क्या ज्ञानाचा आधार नसेल, तर या धंद्यात तो फार दिवस टिकत नाही.

जगातील सल्लागार अभियंत्यांनीही हे ओळखले आहे. १९१३ साली बेल्जियममधील घेंट येथे त्यांचा जो आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, आणि जो ‘फिडिक’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो, त्याने १९५७ साली काढलेल्या नमुना करारनाम्याच्या ‘रेड बुक’ची पुढील रूपे आज अनेक देशांतील धरणे, रस्ते व बंदरे यांच्या ठेक्यांना पायाभूत आहेत. भारतातील सल्लागार अभियंत्यांची संघटनाही या महासंघाची सदस्य आहे. २००१ साली महासंघाने व्यावसायिक सचोटीच्या व्यवस्थापनासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. लाच घेऊ नका, असा उपदेश करून न थांबता, निविदेपासून अंतिम देयकापर्यंत कोणत्या टप्प्यावर मोह उभा राहतो, तेथे कोणाची दुसरी सही हवी, आणि तक्रार कोणाकडे न्यावी, हे प्रत्येक पेढीने लेखी ठरवून ठेवावे, असा त्यांचा रोख आहे. त्याच महासंघाने तरुण अभियंत्यांच्या प्रशिक्षणाकडेही लक्ष दिले, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

ही तत्त्वे कागदावरच राहिली नाहीत, याची साक्ष आफ्रिकेतील लेसोथो हा चिमुकला डोंगराळ देश देतो. शहापूरचे पाणी जसे मुंबईस जाते, तसे तेथील पर्वतांतले पाणी दक्षिण आफ्रिकेच्या औद्योगिक शहरांकडे नेण्याची प्रचंड योजना आखली गेली, आणि तिच्या कामांत लाच दिली-घेतली गेल्याचे उघड झाले. तेथील न्यायालयाने २००२ साली योजनेच्या मुख्य अधिकाऱ्यास १८ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली, आणि त्याच वर्षी ‘अ‍ॅक्रेस इंटरनॅशनल’ या कॅनडातील नामांकित सल्लागार कंपनीलाही दोषी ठरविले. २००४ साली जागतिक बँकेने तिला ३ वर्षांपुरते आपल्या कामांतून वर्ज्य केले. २०१० पासून तर जागतिक बँक, आशियाई विकास बँक व अन्य तीन विकास बँका यांच्यात असा करार आहे की, एका बँकेने बऱ्याच मुदतीसाठी बहिष्कृत केलेली कंपनी इतरांकडेही बहिष्कृत ठरावी. त्यामुळे मोठ्या सल्लागार कंपन्यांना निष्कलंक माणसांची गरज केवळ नीतीपायी नव्हे, तर जगण्यासाठी आहे. पालकांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

परंतु सारे काही सुकर आहे, असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘टक्केवारी’ म्हणजे काय, हे आपल्या तालुक्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ज्या काळू नदीच्या खोऱ्यात आपण राहतो, तेथील नियोजित धरणाचे काम वनखात्याची परवानगी नसताना सुरू झाले होते आणि लोकांनी दाद मागितल्यावर ते २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने थांबविले, ही गोष्ट येथील कित्येक घरांनी प्रत्यक्ष अनुभवली आहे. त्याच वर्षी नाशिकच्या ‘मेटा’ या अभियंता-प्रशिक्षण संस्थेतील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी राज्यातील सिंचन-प्रकल्पांतील गैरव्यवहारांविषयी शासनास पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या वादळानंतर चौकशीसाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद माधवराव चितळे यांच्याकडे आले. १९९३ सालचे स्टॉकहोम जल-पारितोषिक मिळविणारे हे गृहस्थ स्वतः अभियंताच होते. दोष दाखविणारा आणि तो तपासणारा, असे दोघेही याच विद्येत मुरलेले होते, इकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो.

आता शिक्षणाविषयी. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळविता येतो, आणि ग्रामीण विद्यार्थ्यास हा मार्ग मला बारावीमार्गे जाण्यापेक्षा पुष्कळदा अधिक हितकर वाटतो, कारण दुर्बिणीतून पातळी घेणे, नकाशा वाचणे, माप लिहिणे ही कामे त्याच्या हाताला लवकर लागतात. ज्याला तेवढेही अवघड आहे, त्याने आयटीआयमधील सर्वेक्षक किंवा आरेखक यांचा अभ्यासक्रम तुच्छ लेखू नये. उत्तम मोजणी करणारा माणूस सल्लागार कंपन्यांना सहजी मिळत नाही. पदवीनंतर मृद्शास्त्र, संरचना, जलविज्ञान किंवा वाहतूक यांपैकी एका विषयात खोल जावे. इंग्रजीत अहवाल लिहिण्याचा आणि करारनामा कलमवार वाचण्याचा सराव करावा. पर्यावरण व वन यांसंबंधीचे कायदे निदान इतके तरी माहीत असावेत की, परवानगीवाचून काय सुरू करता येत नाही, हे वरिष्ठांपुढे सांगता येईल. कामावरील सुरक्षितता हा दुय्यम विषय मानू नये. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे गर्डर चढविणारे यंत्र कोसळून २० माणसे गेली, त्यांची आठवण या परिसरात अजून ताजी आहे.

पालकांना एकच गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते, आणि ती पैशांची आहे. जमीन विकून किंवा सावकाराचे कर्ज काढून एखाद्या सुमार महाविद्यालयात भरमसाट देणगीवर मिळविलेली जागा मुलाच्या पाठीवर असे ओझे ठेवते की, नोकरीच्या पहिल्या वर्षापासून त्याला ‘वसुली’चा विचार करावा लागतो, आणि ज्याला दरमहा हप्ता भरावयाचा आहे, त्याला चुकीच्या मोजमापावर सही करण्यास नकार देणे किती कठीण जाते, हे सांगावयास नको. शासकीय तंत्रनिकेतन, शिष्यवृत्ती, वसतिगृह, कमी खर्चाचे महाविद्यालय, यांचा शोध आधी घ्यावा. घरची निकड जितकी कमी, तितका मुलाला ‘नाही’ म्हणण्याचा अवकाश अधिक.

मुलींच्या बाबतीत आपल्याकडे अजून संकोच आहे, कारण पालकांच्या डोळ्यांसमोर उघड्यावरचे काम आणि परगावची वस्ती येते. वस्तुतः आराखडा, मृद्परीक्षा, जलविज्ञान, अंदाजपत्रक व गुणवत्ता-तपासणी यांचे बरेचसे काम कचेरीत व प्रयोगशाळेत चालते, आणि जिथे प्रत्यक्ष जागेवर जावे लागते तिथे राहण्याची व जाण्यायेण्याची काय व्यवस्था आहे, हे नोकरी स्वीकारण्यापूर्वी वडिलांनी किंवा भावाने नव्हे, तर मुलीनेच लेखी विचारून घ्यावे. त्याच पत्रात तिने असेही विचारावे की, माझ्या चाचणीचा निकाल प्रतिकूल आला, तर तो कोणाकडे द्यावयाचा आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाला आहे. ज्या कंपनीला या प्रश्नाचे उत्तर तयार असते, तेथे जाण्यास हरकत नाही.