बाळ उशिरा बोलते म्हणून घरातली मराठी बंद करू नका



बालवर्गाच्या प्रवेशाचे दिवस आले की आमच्याकडे येणाऱ्या पालकांत काही चेहरे काळजीत दिसतात. "मॅडम, आमचा बाळ अडीच वर्षांचा झाला, पण अजून नीट बोलत नाही. घरी आजी-आजोबा मराठी, बाहेर सगळे हिंदी, वरून इंग्रजी कार्टून. मूल गोंधळते, मराठी बंद करा, असे सगळे सांगतात." मग घरात हुकूम निघतो की बाळाशी सर्वांनी फक्त हिंदीत बोलावे.

हा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असतो, पण तो चुकीचा आहे. दोन भाषा ऐकल्यामुळे मूल उशिरा बोलत नाही, हे भाषातज्ज्ञांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. बोलण्यात खरोखर अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. एक भाषा काढून टाकल्याने ती जात नाही. उलट नुकसान होते. दिवसभर बाळाजवळ कोण असते? बहुतेक घरांत आजी. तिला हिंदी येते, पण लाड, रागावणे, गोष्ट, गाणे हे सगळे तिच्या तोंडी मराठीतच येते. मराठी बंद झाली की ती "बेटा, खाना खाओ" एवढेच बोलून गप्प बसते. म्हणजे ज्या बाळाला जास्त बोलणे ऐकायला हवे, त्याच्याच घरातले सर्वात बोलके माणूस आपण मुके करतो. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे. हिंदीवर माझे प्रेम आहे. मूल हिंदी शिकणारच. गल्ली, बाजार आणि शाळा ती शिकवतील. मराठी मात्र घराने दिली तरच मिळेल.

आता मोजणी कशी करावी ते पाहू. साधारणपणे वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते, "आई ये", "दूध दे" असे. या वयात पन्नासेक शब्द असावेत असे धरतात. पण हे शब्द दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे असतात. मराठीचे तीस आणि हिंदीचे पंचवीस शब्द बोलणारे मूल मागे नाही, त्याच्याजवळ पंचावन्न शब्द आहेत. "भूभू", "हम्मा", "मम्मम" हेही शब्दच आहेत. "मला वो गेंद दे" असे मिसळून बोलणे हा गोंधळ नव्हे. जो शब्द आधी सापडला तो मूल वापरते. पुढे कोणाशी कोणती भाषा बोलायची ते त्याचे त्यालाच उमगते.

मात्र "आपल्या घरात मुलगे उशिराच बोलतात", "याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते" असे म्हणून स्वस्थ बसणेही योग्य नाही. उशिरा बोलणारी पुष्कळ मुले पुढे बरोबरीला येतात हे खरे, पण आपले मूल त्यांतले आहे की नाही हे घरबसल्या कळत नाही. म्हणून पहिले काम कानांची तपासणी. दार आपटले की दचकते, म्हणजे ऐकू येते, असे समजू नये. मोठा आवाज ऐकणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक ध्वनी ऐकू येत नसतील. वारंवार सर्दी झाल्याने कानाच्या पडद्यामागे पाणी साचूनही ऐकणे कमी होते. ओएई आणि बेरा या चाचण्या नवजात बाळाच्याही करता येतात, त्यात काही दुखत नाही.

पुढील गोष्टी दिसल्या तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना भेटावे:

१. वर्षाचे होऊनही बाळ बडबडत नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही.
२. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही.
३. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही.
४. नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही.
५. येत असलेले शब्द बोलणे बंद झाले, मग वय कोणतेही असो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी केली गेली आहेत. तिथे अशा मुलांची तपासणी विनामूल्य होते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

घरी काय करावे? महागडी खेळणी नकोत. बाळ ज्या वस्तूकडे पाहते तिचेच नाव घ्या. आंघोळ घालताना, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना जे करता ते सांगत राहा. त्याने "दूध" म्हटले तर आपण "गरम दूध हवं?" म्हणावे, त्याच्या शब्दात एक शब्द घालावा. बोट दाखवताच वस्तू हातात देऊ नका, "केळं हवं की बिस्कीट?" असे विचारून मनात पाचपर्यंत मोजा आणि थांबा. शब्द आला नाही तरी आपण शब्द उच्चारून वस्तू द्यावी, रडवू नये. पाहुण्यांसमोर "बोल ना, म्हणून दाखव ना" असा हट्ट धरू नये. काऊ-चिऊचे घास भरवताना मोबाईल बाजूला ठेवा. भारतीय बालरोग अकादमीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये. दूरच्या नातलगांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. कार्टून शब्द ऐकवते, पण बाळाच्या शब्दाला उत्तर देत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे धाकटे भावंड बोबडे किंवा कमी बोलत असेल तर त्याला चिडवू नका आणि त्याच्या वतीने उत्तरही देऊ नका. रोज दहा मिनिटे चित्रांचे पुस्तक घेऊन त्याच्याजवळ बसा.

विश्वस्त मंडळींना विनंती आहे की बालवर्गाच्या प्रवेश अर्जात दोन प्रश्न जोडावेत: मुलाची श्रवणचाचणी झाली आहे का, आणि घरी कोणत्या भाषा बोलल्या जातात. वर्षातून एकदा शाळेत कानांच्या तपासणीचे शिबिर ठेवता आले तर फार बरे होईल. अर्थात, मूल बोलत नाही या कारणाने कोणाचाही प्रवेश नाकारला जाऊ नये.

पालकांनो, आजच घरी जाऊन आजीला सांगा, "तुम्ही बाळाशी मराठीतच बोला, खूप बोला." आणि कानांच्या तपासणीची तारीख याच आठवड्यात घ्या.

आपली,
प्राचार्या