व्यायामाचा राजीनामा देण्यापूर्वी

गेल्या महिन्याच्या टपालात एका वाचकाचे जे पत्र आले, त्याने मला दोन दिवस विचारात पाडले. वय ५४ वर्षे, ऐन विशीपासून पहाटे सूर्यनमस्कार आणि संध्याकाळी दोन कोस चाल, असा नेम तीस-बत्तीस वर्षे अव्याहत पाळलेला, आणि आता हे गृहस्थ लिहितात, "मला या सर्वांचा कंटाळा आला आहे. मुलाने बैठकीच्या खोलीत ऐसपैस सोफा आणला आहे. यापुढे त्यावर स्वस्थ पडून राहावे, असे मनापासून वाटते. व्यायाम सोडला तर काय होईल, आणि सोडायचाच तर रीतसर कसा सोडावा, एवढे कळवावे."

या पत्राचा मला राग आला नाही. व्यायाम कसा सुरू करावा हे विचारणारे माझ्याकडे शेकड्यांनी आले. परंतु तो सोडताना वैद्याला विचारावे, असे वाटणारा माणूस क्वचितच भेटला. एरवी व्यायाम घरातून हलक्या पावलांनी निघून जातो. पहिल्या पावसाला छत्रीचे निमित्त होते, मग गणपती येतात, मग घरातले लग्न, आणि वर्षअखेरीस कॅनव्हासचे बूट माळ्यावर जाऊन पडतात तोवर आपण व्यायाम सोडला आहे, याची खुद्द सोडणाऱ्यालाही वर्दी नसते. सरकारी कारकून सेवानिवृत्त होतो तेव्हा दफ्तर, किल्ल्या आणि शिल्लक रक्कम पुढच्या माणसाच्या हवाली करून पावती घेतो. ज्या व्यायामाने तीस वर्षे आपल्या शरीराची चाकरी केली, त्याला निरोप देताना तेवढा तरी सोपस्कार पाळावा, असे ज्याला वाटले, त्याचा मी आदरच करतो.

मात्र राजीनामा मंजूर करण्यापूर्वी त्यामागील कारणाची चौकशी करणे हे माझे काम आहे. तीस वर्षांची सवय एकाएकी नकोशी का व्हावी? कंटाळा हे उत्तर अनेकदा खरे असते. पण ते नेहमीच खरे असते असे नाही, आणि हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रंकाळा तलावाला रोज फेरी घालणाऱ्या एका शिक्षिकाबाई काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या, त्या केवळ आळसाबद्दल माझ्याकडून दोन खडे बोल ऐकून घ्यावेत म्हणून. अर्ध्या फेरीत बसावेसे वाटते, घरी आल्यावर पुन्हा निजावेसे वाटते, आणि सूनबाई म्हणते की सासूबाई आता म्हाताऱ्या झाल्या. मी त्यांच्या खालच्या पापणीची कड बोटाने किंचित ओढून पाहिली. तेथे जी लाली असावयास हवी, तिच्या जागी धुतलेल्या कापडासारखा पांढुरका रंग होता. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७ वर आलेले. मूळव्याधीतून महिनोन्महिने थोडे थोडे रक्त जात होते आणि लाजेपोटी त्यांनी कोणास सांगितले नव्हते. मूळव्याधीवर इलाज झाला, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि चार महिन्यांत आळस नाहीसा झाला.

म्हणून माझे वाचकांस आग्रहाचे सांगणे आहे की, नियमाने व्यायाम करणाऱ्या माणसाला तो अकस्मात जड वाटू लागला, तर त्याने स्वतःस आळशी म्हणण्याची घाई करू नये. पंडुरोग, थायरॉइड ग्रंथीची मंदावलेली क्रिया, न उमगलेला मधुमेह, मनाला आलेली दीर्घ उदासी, यांपैकी काहीही 'नको वाटते' या दोन शब्दांच्या आड दडलेले असू शकते. आणि चढ चढताना छातीवर दाब येत असेल, जबडा किंवा डावा हात भरून येत असेल, थांबल्यावर ते ओसरत असेल, तर ते अपचन समजून ओवा खात बसू नये. ते हृदयाचे गाऱ्हाणे असू शकते आणि त्याची दाद त्याच दिवशी लागली पाहिजे. थांबूनही ते ओसरले नाही, तर दिवसाचीही वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.

चौकशीत असे काही निघाले नाही, तर पुढचा प्रश्न उरतो : सोडल्यावर काय होते? शरीर हे फार काटेकोर जमाखर्च ठेवणारे दफ्तर आहे; ज्या गोष्टीची मागणी नाही, तिची तैनात ते फार दिवस चालू ठेवत नाही. दोन-तीन आठवड्यांत रक्तातील द्रवभाग घटतो, त्यामुळे हृदय एका ठोक्यास पूर्वीइतके रक्त ढकलू शकत नाही, आणि तोच जिना चढताना नाडी जास्त धावते. व्यायामाने स्नायूंना रक्तातील साखर उचलण्याची जी तत्परता येते, तिची मुदत तर एक ते तीन दिवसांचीच. मागच्या वर्षीच्या सूर्यनमस्कारांवर आजची साखर भागत नाही. बळ त्या मानाने उशिरा ओसरते. तीन-चार आठवडे ते बहुतांशी शाबूत राहते, आणि म्हणूनच माणसाची फसगत होते, कारण सिलिंडर उचलता येतो म्हणजे सारे ठीक आहे, असा त्याचा समज होतो.

अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली पाच निरोगी तरुणांना, सर्व विशीचे, तीन आठवडे बिछान्यावर पडून राहण्यास सांगण्यात आले. परमावधीच्या श्रमात शरीर जितका प्राणवायू वापरू शकते, ती त्यांची क्षमता एवढ्याने पाव हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत पुन्हा तपासले गेले. सरासरी वजन ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेले होते, शरीरातील चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते, आणि तरीही त्यांची क्षमता विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या बिछान्यानंतर उरली होती तितकी खाली आलेली नव्हती. तीन आठवड्यांच्या अंथरुणाने तीस वर्षांच्या वार्धक्यापेक्षा अधिक नासाडी केली, हे वाचून मी माझ्या शस्त्रक्रियेच्या रोग्यांना शक्य तितक्या लवकर उठवून बसवू लागलो. त्या पाच जणांना पन्नाशीत सहा महिने बेताबेताने व्यायाम दिला, तेव्हा वयामुळे गेलेली क्षमता परत आली, हेही येथे सांगितले पाहिजे; नाहीतर वाचक उगाच धास्तावतील.

आता खुराकाविषयी. व्यायाम सोडल्यावर स्नायूंची चरबी होते, असा समज आमच्या कोल्हापुरात घरोघर आहे. तसे होत नाही. स्नायू आणि चरबी ही दोन भिन्न ऊतके आहेत आणि एकाचे रूपांतर दुसऱ्यात होत नाही. स्नायू झिजतो, आणि त्याच काळात जेवण पूर्वीचेच राहिल्यामुळे चरबी वेगळी साठते. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र एकाच जागी फेरफार झाल्यासारखा दिसतो.

हे मला पुस्तकापेक्षा एका पैलवानाने अधिक शिकवले. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबागेच्या मैदानात तरुणपणी कुस्त्या मारलेला हा माणूस वयाच्या ४६ व्या वर्षी पायाच्या बोटाची जखम भरत नाही म्हणून माझ्याकडे आला. दोन्ही कान पैलवानाचे, मोडून घट्ट झालेले. मान अजून खांबासारखी. तिशीत तालीम सोडून त्याने ट्रक घेतला आणि पुढची सोळा वर्षे चाकाशी काढली. मी त्याला तपासणीच्या मेजाकडे बोलावले, तेव्हा बाकावरून उठताना त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, एक झोका घेतला, बसला, आणि दुसऱ्या झोक्याला उठला. ज्याने पहाटे उठून हजार बैठका काढल्या, त्याला वीतभर उंच बाकावरून उठता येईना! त्याने कमरेचा पट्टा काढून बाजूस ठेवला. बकलाच्या दाबाने चामड्यावर एकापुढे एक अशा चार वळ्या उमटलेल्या होत्या, आणि शेवटचे भोक घरीच तापल्या खिळ्याने पाडलेले होते.

"डॉक्टरसाहेब, मेहनत सुटली, पण खुराक सुटंना," तो म्हणाला. दोन वेळचे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि आठवड्यातून तीनदा मटण, हे सारे हौदातल्या लाल मातीत घाम गाळणाऱ्या शरीरासाठी वस्तादाने ठरवून दिलेले होते. घाम थांबला, ताट मात्र कोणी बदलले नाही, कारण पैलवानाला कमी वाढणे त्याच्या आईला आणि पुढे बायकोला अपमानास्पद वाटत होते. रक्तातील साखर मी मोजली आणि मग त्याच्या बायकोलाच बोलावून समोर बसवले. उपचाराची किल्ली तिच्या हाती होती.

चाकाशी बसण्याची गोष्ट निघाली म्हणून लंडनच्या बसगाड्यांचा दाखला देतो. जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, दुमजली बसचा चालक आणि कंडक्टर एकाच गाडीवर, एकाच शहरात आणि जवळपास सारख्याच परिस्थितीत नोकरी करीत असूनही, दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरास हृदयविकाराचा झटका कमी वेळा येई, आणि आलाच तर तो उशिरा व सौम्य असे. पुढे १९५६ मध्ये याच मंडळींनी गणवेशाच्या नोंदींतून विजारींच्या कमरेची मापे तपासली, तेव्हा चालकांचा घेर सर्व वयांत मोठा निघाला. म्हणजे काही फरक माणसे नोकरीस लागतानाच त्यांच्यात असला पाहिजे. आपल्याच निष्कर्षाला शंका लावणारा पुरावा आपणच शोधून छापण्याची ही सचोटी मला त्या मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते. पण बारकाईने पाहिले तर कंडक्टर काही व्यायाम करीत नव्हता. तो तिकिटे फाडीत होता.

येथेच पत्रलेखक महाशयांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आपण व्यायामास निरोप देऊ शकता. हालचालीस देऊ शकत नाही. नियमाचा जाच झाला असेल, तर प्रथम तो निम्मा करून पाहावा. अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, अंगास घाम आणि तोंडास कोरड आली की थांबावे, असे आयुर्वेदाच्या आचार्यांनी सांगून ठेवले आहे. आणि त्याच परंपरेत चरकाने प्रमेहाच्या कारणांत बसण्याच्या व निजण्याच्या सुखाची गणना केली आहे. ही दोन्ही वचने एकत्र वाचावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली, तेव्हा ती सलग दहा मिनिटांची तरी असावी, ही पूर्वीची अट काढून टाकली. म्हणजे हे देणे आता लहान लहान हप्त्यांनी फेडता येते : भाजीची पिशवी घेऊन मंडईपर्यंत चालत जाणे, नातवाला खांद्यावर घेऊन जिना चढणे, गच्चीवरचे कपडे स्वतः काढून आणणे, हे सर्व खात्यात जमा होते.

सोफ्यावर अवश्य बसावे, पण अर्ध्या तासाने उठावे. पाणी प्यायला उठलात तरी चालेल. जेवल्यावर शतपावली घालावी. आपल्या आजोबांची ही सवय जेवणानंतरची साखर चढू देत नाही, हे आता मोजून सिद्ध झाले आहे, आणि दहा-पंधरा मिनिटे त्यास पुरेशी आहेत. सकाळ-संध्याकाळ हात छातीशी बांधून खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. पन्नाशीनंतर मांड्यांचे बळ गेले की माणूस परावलंबी होण्यास वेळ लागत नाही. ताटातील भात, तूप आणि गोड कमी करावे, पण डाळ, उसळ, ताक किंवा अंडे यांत कपात करू नये, कारण झिजणाऱ्या स्नायूस तेच सावरतात. कमरेचा घेर पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा. आणि मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर व्यायाम सोडल्याचे आपल्या डॉक्टरांस त्याच आठवड्यात कळवावे. ती मात्रा व्यायाम करणाऱ्या शरीरासाठी ठरवलेली असते, आणि व्यायाम बंद होताच साखर व दाब वर सरकू लागतात. पुन्हा सुरू केलात तरीही कळवावे, विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्यांनी, कारण तेव्हा साखर एकाएकी खाली येण्याचे भय असते.

पैलवानाची जखम तीन महिन्यांत भरली. तूप चमच्यावर आले, थंडाई सणावारापुरती उरली, आणि माल उतरेपर्यंत ट्रकमध्ये बसून राहण्याऐवजी तो अड्ड्याभोवती फेऱ्या घालू लागला. परवा तो औषधाची चिठ्ठी बदलून घेण्यास आला होता. त्याचे नाव पुकारले गेले, तेव्हा मी दुसऱ्या रोग्याचे कागद पाहत होतो. बाकावर हालचाल झाली नाही, म्हणून मी मान वर केली. मी पाहत आहे याची खात्री झाल्यावर त्याने दोन्ही हात छातीशी बांधले आणि उठला.